मान वर न करणारे काका

"पडतेय, पडतेय! अहो, बिल्डिंग पडतेय तुमची, आवरा तिला!"

सोनिवलीच्या साइटवर, रविवारी भरदुपारी, आमच्या चौदा मजली टॉवरच्या पायथ्याशी उभं राहून एक म्हातारा हे ओरडत होता. रविवार म्हणजे आम्हा फ्लॅट विकणाऱ्यांची दिवाळी. सॅम्पल फ्लॅट बघायला आलेली दोन कुटुंबं तेवढ्यात दाराशी पोचली होती. त्यातल्या एका गृहस्थाने बायकोचा हात धरला, पोराला काखेत मारलं आणि थेट गाडी गाठली. वरती प्लास्टर करणारे मजूर घमेली टाकून खाली आले. अर्धे जिन्याने आले, उरलेले नुसत्या भीतीने. वॉचमन गेट उघडं टाकून जो पळाला तो वांगणीच्या पुढे सापडला म्हणतात. मी तितका पुढे गेलो नव्हतो, तेव्हा शपथेवर सांगत नाही.

मी मात्र जागचा हललो नाही. शूर होतो म्हणून नव्हे. मी एका गुडघ्यावर बसून, मान पाठीला लावून, मोबाईल आभाळाकडे रोखून टॉवरचा फोटो काढत होतो, आणि माझ्या पोटाच्या माणसाला त्या आसनातून चटकन उठता येत नाही.

म्हातारा जवळ आला, वाकून माझ्या मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि आता अगदी शांतपणे म्हणाला, "ही बघा. ही मागे पडतेय. ती खरी आहे ती सरळ उभी आहे, तिला काही झालेलं नाही. तुम्ही पाडताय."

हे काका. आता ते नाहीत. त्यामुळे मी यात पदरचं काही घातलं तर टोकायला कोणी उरलेलं नाही, आणि याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं वाईट एखादं बुकिंग रद्द झाल्यावरही वाटत नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाने याहून मोठं काय सांगावं?

काका अंबरनाथ पश्चिमेला राहायचे. एका मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी उभी रेघ उभी आणि आडवी रेघ आडवी मारण्यात गेलेली. निवृत्तीनंतर माणसं हास्यक्लबात जातात, कुंड्यांत कढीपत्ता लावतात. काकांनी अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर ही तिन्ही गावं सरळ करायला घेतली.

त्यांच्या खांद्याला एक जुनी डब्याची पिशवी असे. तिच्यात रोल घालायचा एसएलआर कॅमेरा, गवंड्याची पाणसळ, पितळी ओळंबा आणि काकूंच्या जुन्या फ्लॅनेलच्या परकरात गुंडाळलेली एक लेन्स. ओळंबा कॅमेऱ्यासाठी होता, पण काका तो कुठेही काढत. एकदा आमच्या ओळखीत एकाचे वडील वारले. आम्ही भेटायला गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, किंचित डावीकडे कललेला. घरची मंडळी रडतायत, आणि काकांनी पिशवीतून ओळंबा काढून फोटोच्या चौकटीशी धरला. थोरल्या मुलाचं रडणं थांबलं. काकांनी दोन बोटांनी फोटो हलवला, दोरी स्थिर होईपर्यंत श्वास रोखला, मग हात जोडले आणि म्हणाले, "आता बरं आहे." मुलगा इतका गोंधळला की म्हणाला, "थँक्यू काका."

त्या लेन्सचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, पर्स्पेक्टिव्ह कंट्रोल की काय ते. काका तिला 'सरकती' म्हणत. "सरकतीला उन्हात ठेवू नका." "सरकतीचा आज मूड नाही." मला आधी वाटलं, घरात कोणी पाहुणी आलीय.

ती सरकती काय करते हे त्यांनी मला सोनिवलीच्या वाळूच्या ढिगाऱ्यावर बसून समजावलं होतं. "उंच बिल्डिंगचा फोटो काढताना माणूस काय करतो? मान वर करतो. मान वर झाली की कॅमेरा कलला. कॅमेरा कलला की दोन्ही भिंती वर जाता जाता एकमेकींच्या कानात कुजबुजायला वाकतात. बरोबर? आता ही लेन्स. कॅमेरा सरळ समोर, ओळंब्यात. मान हलवायची नाही. नुसती ही चावी फिरवायची. लेन्स जागच्या जागी वर सरकते, आणि वरचे मजले आपोआप आत येतात. भिंती जशा आहेत तशा राहतात."

"म्हणजे मान न हलवता नुसते डोळे वर करायचे," मी म्हणालो.

काकांनी चावीवरचा हात काढला. "दलालसाहेब," ते म्हणाले, "तुम्ही या धंद्यात उगाच आलात."

हे मी आजवर ऐकलेलं सगळ्यात मोठं कौतुक, आणि ते धंद्याची बदनामी करून झालेलं.

मग मीच आमच्या बिल्डर शेठना सांगून होर्डिंगसाठी त्यांच्याकडून टॉवरचा फोटो काढून घेतला. शेठचा पुतण्या ड्रोन घेऊन आला होता. काकांनी ती घरघर ऐकली, वर मात्र पाहिलं नाही. "घार पाळलीय का?" एवढंच विचारलं. स्वतः सकाळी चहाच्या वेळेला तिपाई उभी केली. तिच्या मधोमध ओळंबा लोंबत सोडला. वाऱ्याने हलला म्हणून थांबले. कुत्रं येऊन हुंगून गेलं म्हणून पुन्हा मांडला. जेवणाची वेळ झाली. ऊन भिंतीवरून सरकून कोपऱ्यावर आलं. मी म्हटलं, "काका, चावी फिरवा आणि दाबा की." ते म्हणाले, "आधी उजेड मोजायचा, मग चावी. चावी फिरवल्यावर मोजलात तर मीटर खोटं बोलतो. तुमच्यासारखं."

संध्याकाळी एकच फोटो काढून ते घरी गेले. पण तो फोटो, काय सांगू. होर्डिंगवर चढला तेव्हा हायवेवरून जाणारे रिक्षावाले बसल्या जागी ताठ व्हायचे.

हे पाहून मला साहजिकच एक कल्पना सुचली. उल्हासनगरला माझ्याकडे विकायला एक फ्लॅट होता. फ्लॅट झकास, बिल्डिंग जरा कललेली. जरा म्हणजे, तिच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर शेजारच्या गच्चीवर वाळायची. सोसायटीचे चेअरमन मला म्हणाले, "तुमच्या ओळखीत ते सरळ करायची लेन्सवाले काका आहेत ना? त्यांना आणा. एकदा फोटो सरळ आला की गिऱ्हाईकाला आपण फोटोच दाखवू." मला यात काही गैर दिसलं नाही. काकांना नेलं. अख्खी सोसायटी खाली जमली, बायकांनी रांगोळी काढली, चेअरमननी नारळ आणला. काकांनी ओळंबा लावला, उजेड मोजला, चावी फिरवली.

फोटो आला. दोन्ही बाजूंच्या बिल्डिंगी शाळेतल्या प्रार्थनेसारख्या ताठ, आणि मधोमध आमची, पान थुंकायला वाकल्यासारखी.

"काका, हे काय? सरळ करायची लेन्स ना ही?" चेअरमन म्हणाले.

"ही सरळ करत नाही," काका म्हणाले. "सरळ असलेल्याला वाकडं करत नाही, एवढंच. तुमची वाकडीच आहे. इंजिनीयरला दाखवा." मग नारळ परत देऊन आले. वाटेत मला म्हणाले, "वाकडं आहे ते वाकडं दिसू दे. पण जे सरळ आहे, त्याला का बदनाम करायचं?"

काका रोल धुवायला द्यायचे ते दुकानही उल्हासनगरलाच, जीन्सच्या बाजाराच्या मागे. दुकानदार सिंधी; काका त्यांना साईं म्हणत आणि तेही काकांना साईं म्हणत, त्यामुळे तिसऱ्या माणसाला कोण कोणाशी बोलतंय ते कळायला वेळ लागे. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की साईंना श्वास बाहेर जाऊन घ्यावा लागे. मोबाईल आल्यावर त्यांनी पुढे कव्हरं आणि चार्जर विकायला घेतले होते, पण मागच्या मोरीत काकांसाठी ट्रे आणि औषधं जिवंत ठेवली होती. काकांचा रोल धुताना ते दुकानाचं शटर अर्धं ओढत. "साईं का काम है," गिऱ्हाइकांना सांगत. "इसमें सब सीधा होता है. कोई आदमी नहीं होता."

हे खरं होतं. काका माणसांचे फोटो काढत नसत. पाण्याच्या टाक्या, बंद गिरण्यांच्या चिमण्या, शिवमंदिर, बेलवलीतले नवे टॉवर, मार्केटमधलं सार्वजनिक शौचालयसुद्धा त्यांनी असं काढलं होतं की बघणाऱ्याला चप्पल काढावीशी वाटावी. पण माणूस नाही. मी माझाच एक काढा म्हणून मागे लागलो होतो. "माणसं हलतात," ते म्हणाले, "आणि वर विचारतात, कशी आली."

काकू हे सगळं ऐकत पोहे पुढे करायच्या. काकू शाळेत शिकवायच्या आणि निवृत्तीनंतरही समोरच्याचा गृहपाठ तपासल्यासारख्या बघायच्या. तिसऱ्या मजल्यावरची त्यांची बाल्कनी हाताच्या रुंदीएवढी, पण त्यांनी तिच्यात तुळस, मोगरा, धुण्याची दोरी, एक खुर्ची आणि अर्ध्या अंबरनाथची बातमीपत्रं बसवली होती. मला एकदा म्हणाल्या, "हे कामावरून यायचे तेव्हा मी इथे उभी असायची. रोज. यांनी एक दिवस मान वर करून पाहिलं नाही. आज दमलेत की खुशीत आहेत, ते मी यांच्या टकलावरून ओळखायला शिकले."

"रस्त्यात खड्डे होते," काका आतून म्हणाले.

मग त्यांची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. जुनी झाली होती, स्लॅबचे पोपडे पडत होते, कोणाचीच तक्रार नव्हती. मीच त्यांना बेलवलीला भाड्याचा फ्लॅट बघून दिला. लिफ्ट, चोवीस तास पाणी. निदान मी तसं सांगितलं होतं. एकेक बिऱ्हाड गेलं. शेवटी काका-काकू उरले. ठरल्या दिवशी सकाळी टेम्पो भरला. पाडकाम करणारी माणसं घण घेऊन अंगणात बिड्या ओढत बसली होती. किल्ली माझ्याकडे द्यायची की यांचं काम सुरू. आणि काकू खाली येईनात.

मी तीन मजले चढून गेलो. माझ्या वजनाच्या माणसाने तीन मजले चढणं म्हणजे लग्नाइतकं गंभीर प्रकरण. रिकाम्या घरात काकू बाल्कनीच्या कठड्याशी उभ्या होत्या. ठेवणीतली जांभळी साडी नेसल्या होत्या.

"काकू, चला ना. टेम्पोवाला वेटिंग लावतोय."

"त्यांना सांगा, मला इथे काढायचं. खालून. मग येते."

"इथे वर बोलावतो ना त्यांना, समोरासमोर छान येईल."

"इथून नको. ते जिथून रोज यायचे, तिथून." मग जरा थांबून म्हणाल्या, "यांनी तिन्ही गावांच्या टाक्या काढल्या हो. ही बाल्कनी उद्या नसणार. मी कुठेच नाही."

मी खाली येऊन निरोप दिला. मला वाटलं, काका चिडतील. त्यांनी मात्र टेम्पोच्या पुढच्या सीटवरून पिशवी काढली, फ्लॅनेल उलगडलं आणि सरकती लावली.

अंगणाच्या पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे एका बंद कंपनीची भिंत, भिंतीमागे नाला. काका मागे मागे जात भिंतीला पाठ लागेपर्यंत गेले. तिपाई, ओळंबा, पाणसळ. कॅमेरा उभा धरला. उजेड मोजला. चावी फिरवली. फिरवत राहिले. मग चावी फिरायची थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"संपली."

मी डोळा लावून पाहिलं. बिल्डिंग देवळातल्या खांबांसारखी सरळ. तिसरा मजला, बाल्कनी, कठडा, जांभळी साडी, काकूंचा गळा. तिथे चौकट संपत होती. काकूंना डोकंच नव्हतं.

"जरा खाली बस," काकांनी वर सांगितलं. म्हणजे तोंड वर न करता, समोरच्या भिंतीला सांगितलं.

"खाली बसले तर कठड्यामागे जाईन."

"काकू, दुसऱ्या मजल्यावर या की," मी ओरडून म्हटलं. "तिथे पूर्ण बसताय तुम्ही. रिकामाच आहे. बाल्कनी अगदी सेम टू सेम."

"ती दुसऱ्यांची आहे," काकू म्हणाल्या.

मग काका टेम्पोच्या टपावर चढले. हे मी मीठमिरची लावून सांगत नाही. ज्या माणसाला खुर्चीवर चढून बल्ब लावायची बंदी होती, तो गाद्या आणि कपाट ओलांडून टपावर तिपाई घेऊन उभा राहिला. पाडकामवाल्यांनी बिड्या विझवल्या. पण टप हलत होता, आणि खाली गाद्या. ओळंबा देवळातल्या घंटेच्या लोलकासारखा इकडून तिकडे झुलायला लागला. काका त्याची वाट बघत उभे. तो काही थांबेना.

"उतरा आधी," काकू वरून म्हणाल्या. "पडाल. राहू दे, नसेल येत तर. मी येते खाली."

त्यांनी खरंच पदर खोचला आणि आत वळल्या.

काका उतरले. मी टेम्पोवाल्याला हात केला, चल बाबा, गाडी चालू कर. खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला होता. काकांनी मात्र तिपाईवरून कॅमेरा सोडवला. चावी उलटी फिरवत फिरवत लेन्स पुन्हा जागेवर आणून ठेवली. पाणसळ काढून माझ्या हातात दिली, ओळंबा पँटच्या खिशात घातला. मग नुसता कॅमेरा हातात घेऊन अंगणाच्या मधोमध, गेटपासून जिन्याकडे जायच्या वाटेवर जाऊन उभे राहिले.

"अगं," त्यांनी हाक मारली.

काकू पुन्हा कठड्याशी आल्या.

काकांनी मान वर केली. पूर्ण मागे, टक्कल पाठीला लागेल इतकी. अशी मान केलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, गळ्याची कातडी ताणली गेली होती, आणि ते थोडे डुलत होते. मी मागून जाऊन त्यांच्या पाठीला हात लावून उभा राहिलो. आधी त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही. नुसतं बघत होते. काकूंना काहीतरी बोलायचं होतं, तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं. खोचलेला पदर सोडला आणि खांद्यावरून नीट केला.

मग कॅमेरा डोळ्याला, आणि खट्ट.

मी फोटो काढणारे ढिगाने पाहिलेत. बटण दाबलं की माणसं कॅमेरा खाली घेतात. काकांनी घेतला नाही. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तरी घेतला नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, "मान अवघडेल." आणि किल्ली घेऊन खाली आल्या.

पुढच्या आठवड्यात मी काकांबरोबर उल्हासनगरला गेलो. साईंनी शटर अर्धं ओढलं, मोरीत गेले. आतून नळाचा आवाज येत राहिला. मग ओला फोटो चिमट्यात धरून बाहेर आले आणि आमच्याकडे न देता स्वतःच दिव्याखाली धरून उभे राहिले. बिल्डिंग मागे रेलली होती, दोन्ही बाजूंच्या भिंती वर जाऊन एकमेकींकडे झुकल्या होत्या, गच्ची एखाद्या टोपीसारखी लहान झाली होती. आणि या सगळ्या पडझडीच्या मधोमध काकू, कठड्यावर दोन्ही हात ठेवून, खाली बघत. हसत नव्हत्या. नवीन लग्न झालेली मुलगी कोणी आपल्याला पाहिलं म्हणून जशी जागच्या जागी थांबते, तशा थांबल्या होत्या.

"साईं," दुकानदार हळूच म्हणाले, "ये किसी और का रोल आ गया लगता है. ये आपका काम नहीं है. बिल्डिंग पूरी टेढ़ी आई है."

काकांनी फोटो त्यांच्या हातातून घेतला.

"ती पाडायचीच होती," ते म्हणाले.